गिरणीतल्या मुली आणि ऑलिंपिकचे सुवर्णपदक

इतिहास म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेसाठी त्या पाठ कराव्या लागतात, हे खरेच आहे. परंतु एखाद्या समाजाने आपल्या मुलींना काय करू दिले आणि काय करू दिले नाही, हाही इतिहासच असतो. किंबहुना पुढच्या पिढ्यांचे भवितव्य पुष्कळदा त्यावरच ठरते. म्हणून या लेखात, वाचकहो, मी आपल्याला एका खेळाच्या स्पर्धेची हकिगत सांगणार आहे. ती जपानमधली आहे. पण तिच्यातून निघणारा प्रश्न आपल्या घरातला आहे.

२३ ऑक्टोबर १९६४ ही तारीख आपल्याकडच्या जुन्या क्रीडाप्रेमींना हॉकीमुळे आठवते. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या दिवशी मोहिंदर लालच्या एकमेव गोलाने भारताने पाकिस्तानला हरवले आणि रोममध्ये १९६० साली गमावलेले सुवर्णपदक परत मिळवले. चरणजित सिंग कर्णधार होते, गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांनी गोल अभेद्य राखला, आणि त्या संघात सय्यद अलीही होते. हा सामना टोकियोच्या कोमाझावा क्रीडा उद्यानात झाला. त्याच दिवशी संध्याकाळी, त्याच उद्यानातल्या एका बंदिस्त क्रीडागृहात, सहा जपानी मुली सोव्हिएत संघाविरुद्ध व्हॉलीबॉलच्या मैदानात उतरल्या. त्या सामन्याची आठवण जपानमध्ये आजही काढली जाते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मिळालेला पहिला सांघिक खेळ म्हणजे व्हॉलीबॉल, आणि ते पहिलेच वर्ष होते.

खेळाचा जन्म आणि प्रवास

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी झाला. तेथील वायएमसीए या संस्थेतील व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांना असा खेळ हवा होता की ज्यात बास्केटबॉलसारखी धक्काबुक्की नसेल आणि कामधंद्याला लागलेल्या प्रौढांनाही तो खेळता येईल. त्यांनी मध्ये जाळे बांधले आणि चेंडू हातांनी इकडून तिकडे उडवायला सांगितले. प्रतिस्पर्धी जाळ्याच्या पलीकडे, आपण अलीकडे. अंगाला अंग लागण्याचा प्रश्नच नाही. साहित्य म्हणाल तर दोन खांब, एक जाळे आणि एक चेंडू. आपल्या कोकणातल्या वाड्यांपासून मराठवाड्यातल्या मोहल्ल्यांपर्यंत हा खेळ आणि त्याचा भाऊ शूटिंग व्हॉलीबॉल इतका रुजला, त्याचे कारण हेच आहे.

जपानमध्येही हा खेळ वायएमसीएच्या मार्फतच विसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचला. तिथे तो बरीच वर्षे एका बाजूला नऊ खेळाडू घेऊन खेळला जाई. शाळांनी तो उचलला आणि त्यांच्या पाठोपाठ कापड गिरण्यांनी. जपानच्या सूतगिरण्यांत काम करणाऱ्या बहुसंख्य मुली खेड्यापाड्यांतून आलेल्या असत आणि गिरणीच्या वसतिगृहात राहत. कामानंतर त्यांना विरंगुळा हवा म्हणून गिरणीच्या आवारात व्हॉलीबॉलची मैदाने आखली गेली. पुढे एका गिरणीचा संघ दुसऱ्या गिरणीच्या संघाशी खेळू लागला आणि कंपन्यांमध्ये चुरस सुरू झाली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथल्या ज्या वाचकांची पोटे मागावर भरली आहेत, त्यांना गिरणीचे आणि पाळीचे जग वेगळे सांगायला नको.

काइझुका येथील संघ

ओसाकाजवळ काइझुका या गावी निचिबो या कंपनीची सूतगिरणी होती. कंपनीने १९५४ च्या सुमारास आपल्या वेगवेगळ्या कारखान्यांतील चांगल्या खेळाडू मुली या एका ठिकाणी आणल्या आणि संघ बांधण्याचे काम हिरोबुमी दाईमात्सु या आपल्या कर्मचाऱ्याकडे सोपवले.

या दाईमात्सुंच्या आयुष्याचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ते जपानी सैन्यात होते आणि १९४४ च्या इंफाळ मोहिमेत सापडले होते. याच मोहिमेत आझाद हिंद फौज जपानी सैन्यासोबत होती, आणि मणिपूरमधील मोइरांग येथे कर्नल शौकत अली मलिक यांनी तिरंगा फडकवला होता. मोहीम फसली. भूक, मलेरिया आणि पावसाने जपानी सैन्याची वाताहत झाली. त्यातून जे थोडे जिवंत राहिले त्यांत दाईमात्सु होते. पुढे काही काळ ते ब्रह्मदेशात ब्रिटिशांचे युद्धकैदी होते. माणसाचे शरीर आणि मन आपल्याला वाटते त्याहून किती तरी अधिक सोसू शकते, ही समजूत घेऊन ते मायदेशी परतले. तिचे चांगले आणि वाईट असे दोन्ही परिणाम त्यांच्या हाताखालच्या मुलींच्या वाट्याला आले.

त्या मुलींचा दिनक्रम ऐकला तर आजच्या खेळाडूलाही धाप लागेल. सकाळी आठपासून गिरणीच्या कचेरीत काम. दुपार कलली की सराव सुरू. तो मध्यरात्रीपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे चाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काम. दाईमात्सु एका बाजूने चेंडूंचा मारा करीत आणि मुलींनी जमिनीवर झेप घेऊन तो उचलायचा. जपानी मुलींची उंची युरोपीय खेळाडूंच्या मानाने कमी होती. जाळ्यावरून चेंडू हाणण्याच्या शर्यतीत त्या मागे पडणार हे उघडच होते. म्हणून दाईमात्सुंनी विचार उलटा केला: आपल्याला उंच उडून मारता येत नसेल, तर समोरचीचा एकही चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही!

यातूनच लोळून चेंडू उचलण्याची ती प्रसिद्ध पद्धत निघाली. तळाशी वजन असलेली बाहुली आपण पाहिलेली असते. तिला कितीही पाडा, ती पुन्हा उभी राहते. दाईमात्सुंना युक्ती सुचली ती अशाच बाहुलीवरून. खेळाडूने चेंडूकडे झेपावायचे, चेंडू उचलायचा, खांद्यावरून कोलांटी घ्यायची आणि त्याच झोकात पुन्हा पायांवर उभे राहून पुढच्या चेंडूला तयार व्हायचे. सर्व्हिसही त्यांनी अशी घोटवून घेतली की चेंडू हवेत डुलत यावा आणि जाळे ओलांडल्यावर झाडाच्या पानासारखा अचानक खाली पडावा. विद्यार्थी मित्रांनो, येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे उंचीचे उणेपण रडून भरून निघत नाही. ते विचाराने आणि सरावाने भरून काढावे लागते.

मॉस्को आणि त्यानंतरचा निर्णय

स्त्रियांची पहिली जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा १९५२ साली मॉस्कोत झाली. ती सोव्हिएत संघाने जिंकली. १९५६ आणि १९६० या साली पुन्हा तोच संघ विजेता ठरला. १९६० मध्ये ब्राझील येथील स्पर्धेत जपान दुसरा आला, तेव्हा जग थोडे चमकले. पुढच्या वर्षी या गिरणीच्या संघाने युरोपचा दौरा केला आणि एकामागून एक सामने जिंकले. तिकडच्या वृत्तपत्रांनी त्यांना ‘पूर्वेकडच्या चेटकिणी’ असे नाव दिले. १९६२ साली त्याच मॉस्कोत, सोव्हिएत प्रेक्षकांच्या समोर, जपानने जागतिक विजेतेपद पटकावले.

येथे एक वळण आले, आणि मला ते सुवर्णपदकाइतकेच महत्त्वाचे वाटते. विजेतेपद मिळाले, आता पुरे, असे या मुलींनी ठरवले होते. कर्णधार मासाए कासाई त्या वेळी २९ वर्षांच्या होत्या. त्या काळच्या जपानमध्ये लग्नाचे वय उलटून गेले, असेच लोक म्हणत. दाईमात्सुंनाही कुटुंबाकडे परतायचे होते. परंतु टोकियो ऑलिंपिक दोन वर्षांवर आले होते. देशभरातून पत्रांचा पाऊस पडू लागला: खेळ सोडू नका. अखेर मुलींनी आपसात विचार केला आणि १९६३ च्या आरंभी सांगितले, की आम्ही आणखी दोन वर्षे खेळू. दाईमात्सुंनी त्यांच्याबरोबर राहण्याचे कबूल केले. लोकांचा दबाव होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. तथापि शेवटचा शब्द त्या मुलींनी स्वतः उच्चारला.

स्पर्धा

टोकियोत स्त्रियांच्या व्हॉलीबॉलसाठी सहा संघ होते: जपान, सोव्हिएत संघ, पोलंड, रुमानिया, अमेरिका आणि दक्षिण कोरिया. यांतील दक्षिण कोरियाचा संघ आयत्या वेळी आला. त्याची कथा अशी की १९६३ साली इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्णो यांनी जकार्ता येथे नव्याने उदयास येणाऱ्या राष्ट्रांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या होत्या. त्यांत भाग घेतलेल्या काही खेळाडूंना ऑलिंपिकची दारे बंद करण्यात आली. त्यामुळे इंडोनेशिया आणि उत्तर कोरिया यांनी टोकियोतून अंग काढून घेतले. संघांची संख्या अपुरी पडू नये म्हणून दक्षिण कोरियाला पाचारण करण्यात आले. राजकारणाच्या पायी खेळाडूंचे किती नुकसान होते, याचे हे एक उदाहरण.

सर्व संघांनी एकमेकांशी खेळायचे आणि सर्वाधिक विजय मिळवणाऱ्याला सुवर्ण, अशी रचना होती. जपानच्या १२ खेळाडूंपैकी १० जणी या एकाच गिरणीच्या होत्या. त्यांनी आपले सामने जिंकत आणले. वाटेत फक्त पोलंडविरुद्ध एक डाव गमावला. सोव्हिएत संघही अपराजित होता. शेवटचा सामना या दोघांत पडला.

त्या दिवशी जपानचे मन आधीच दुखावलेले होते. ज्यूदो हा जपानचा स्वतःचा खेळ, प्रथमच ऑलिंपिकमध्ये घेतलेला. आणि त्याच दिवशी त्याच्या खुल्या गटात हॉलंडच्या आंतोन गेसिंकने जपानच्या कामिनागाला हरवले होते. साऱ्या राष्ट्राच्या नजरा आता कोमाझावाकडे लागल्या. टोकियोच्या परिसरात ६६.८ टक्के घरांतील दूरदर्शन संच या सामन्यावर लावलेले होते, अशी नोंद आहे.

पहिला डाव जपानने १५-११ असा घेतला, दुसरा १५-८ असा. तिसऱ्या डावात जपान १४ गुणांपर्यंत पोहोचला. आता फक्त एक गुण हवा होता! पण आजच्या नियमांप्रमाणे त्या काळी प्रत्येक चेंडूवर गुण मिळत नसे. ज्या बाजूची सर्व्हिस असे, तिलाच गुण घेता येई; दुसऱ्या बाजूने चेंडू जिंकला तर तिला केवळ सर्व्हिस मिळे. त्यामुळे शेवटचा गुण हातातोंडाशी येऊन निसटत राहिला. सोव्हिएत मुली एकेक गुण जोडत १३ वर आल्या. त्यांच्यातली २० वर्षांची इन्ना रिस्काल पुढे १९६८ आणि १९७२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणार होती. म्हणजे समोरचा संघ काही लेचापेचा नव्हता. अखेर सोव्हिएत खेळाडूचा हात जाळ्यापलीकडे गेला, पंचांची शिट्टी वाजली, आणि १५-१३ असा डाव, सामना व सुवर्णपदक जपानचे झाले. एवढ्या प्रचंड परिश्रमांचा शेवट एखाद्या घणाघाती फटक्याने न होता प्रतिपक्षाच्या एका चुकीने व्हावा, यात मला काही उणे दिसत नाही. चेंडू पुन्हा पुन्हा परत येत राहिला की थकलेल्या समोरच्याचा हात चुकतोच. तो परत पाठवत राहणे हाच तर त्यांचा खेळ होता.

यशाची किंमत

पालकहो, येथेच थांबून टाळ्या वाजवल्या तर इतिहासाचा अर्धाच धडा वाचल्यासारखे होईल. त्या सरावावर त्या काळीही टीका झाली होती. थकून कोसळलेल्या मुलींवर चेंडूंचा मारा चालू ठेवणे, त्यांना टोचून बोलणे, दुखापत असतानाही खेळवणे, हे अमानुष आहे असे परदेशी पत्रकारांनीच नव्हे तर जपानमधल्या लोकांनीही म्हटले. खेळाडूंपैकी अनेकींनी पुढे आपल्या प्रशिक्षकाविषयी आदरच व्यक्त केला, हे खरे आहे. पण ते यशस्वी झालेल्या खेळाडूंचे मत. त्यांचे अनुकरण करताना किती शाळांत किती मुलामुलींनी मार खाल्ला आणि खेळ कायमचा सोडला, त्याची नोंद कोण ठेवणार? २०१३ साली जपानच्या १५ महिला ज्यूदोपटूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध उघड तक्रार केली आणि मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. म्हणजे जपानलाही हा धडा शिकायला अर्धशतक लागले. शिक्षक या नात्याने मी इतकेच म्हणेन की या मुलींची चिकाटी घ्यावी. छडी घेऊ नये.

दुसरी किंमत संसाराची. कर्णधार कासाई ऑलिंपिकच्या वेळी ३१ वर्षांच्या होत्या. त्यांचे लग्न हा जणू राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला. अखेर पंतप्रधान एइसाकु सातो यांनी पुढाकार घेऊन एका सैन्याधिकाऱ्याशी त्यांची गाठ घालून दिली आणि १९६५ मध्ये विवाह पार पडला. आपल्याला यात गंमत वाटेल. परंतु ‘मुलगी खेळत राहिली तर तिचे लग्न कसे होणार’ ही धास्ती केवळ आपल्या मोहल्ल्यापुरती नव्हती, हे यावरून दिसते. ती टोकियोतही होती. आणि ती खोटी ठरली, हेही दिसते.

पुढे काय झाले?

खरे यश पुढे मोजले जाते. १९६५ साली चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी दाईमात्सुंना बोलावून घेतले आणि त्यांनी तेथील मुलींना शिकवले. १९८१ मध्ये चीनच्या मुलींनी जपानमध्येच विश्वचषक जिंकला आणि १९८४ मध्ये ऑलिंपिकचे सुवर्ण. जपानने १९७६ साली माँट्रियल येथे एकही डाव न गमावता पुन्हा सुवर्ण मिळवले. यांहूनही मोठी गोष्ट जपानच्या गल्लीबोळांत घडली. चूल-मूल सांभाळणाऱ्या हजारो स्त्रिया व्हॉलीबॉल खेळू लागल्या. १९७० पासून तेथे खास आयांसाठी राष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धा भरू लागली, आणि या चळवळीत स्वतः कासाई यांनी शिकवण्याचे काम केले. २०१३ साली त्यांचे निधन झाले. पदक बारा जणींच्या गळ्यात पडले. खेळ मात्र लाखो स्त्रियांच्या घरी पोहोचला.

मुस्लिम देशांतील मुलीही या खेळात मागे नाहीत. १९६६ च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत इराणच्या महिला संघाने कांस्यपदक मिळवले होते. तुर्कस्तानच्या मुलींनी २०२३ साली युरोपचे अजिंक्यपद जिंकले आणि २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या. पोशाखाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये आखूड पोशाखाची सक्ती असे. २०१२ साली नियम सैल करून पूर्ण बाह्या आणि लांब पायजम्याला मुभा देण्यात आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची दोआ अल-घोबाशी डोक्याला हिजाब बांधून जर्मनीविरुद्ध खेळली आणि तिचे छायाचित्र जगभर छापले गेले. जगाने नियम बदलला. कारण मुलगी आधी मैदानात येऊन उभी राहिली होती.

आणि आपण?

भारताच्या पुरुष संघाने आशियाई स्पर्धांत १९५८ साली कांस्य, १९६२ साली रौप्य आणि १९८६ साली पुन्हा कांस्य मिळवले. महिला संघ मात्र २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत एकदाही ऑलिंपिकला पोहोचलेला नाही. याला कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक कारण आपल्या शाळांच्या हजेरीपटात नव्हे, तर मैदानात दिसते. पाचवी-सहावीपर्यंत मुली धावतात, हसतात, चेंडूमागे पळतात. सातवी-आठवीत एकेक जण बाजूला होते आणि दहावीपर्यंत मैदान मुलांचे होऊन जाते. मुलीने वर्गात पहिला नंबर काढावा, अशी आज आपल्या समाजातील पालकांची इच्छा असते, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. तालीम घेतलेली मुलगी घराचे भूषण आहे, हे आपल्याला पटले. पण जी तालीम शरीराला मिळते, जी हरल्यावर पुन्हा उभे राहायला शिकवते, ती अजून आपण तिच्या वाट्याला मोकळ्या मनाने येऊ देत नाही.

आपल्या मुलींनी रात्री बारापर्यंत सराव करावा, असे कोणी म्हणत नाही. ऑलिंपिकच मिळवावे, असेही नाही. शाळा सुटल्यानंतर एक तास, भिंतीच्या आतले एक मैदान, शिकवायला एक शिक्षिका, अंग झाकणारा सोयीचा पोशाख आणि घरातून एक होकार, इतके पुरेसे आहे. यातील पहिल्या गोष्टी संस्थेने पुरवायच्या आहेत. शेवटची गोष्ट, पालकहो, फक्त आपल्या हाती आहे.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी एकच सांगणे. काइझुकाच्या त्या मुली चेटकिणी नव्हत्या. त्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, नोकरी करणाऱ्या, घरी पैसे पाठवणाऱ्या साध्या मुली होत्या. पडल्यानंतर पुन्हा कसे उठायचे, एवढी एकच विद्या त्या जगातल्या इतरांपेक्षा अधिक चांगली शिकल्या होत्या. ती विद्या गणिताच्या पेपरलाही उपयोगी पडते आणि आयुष्यालाही. ती तुम्हा सर्वांना लाभो, हीच अल्लाहच्या चरणी दुआ.